उसाच्या कडेला ट्यूबचा उजेड

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत येतात, चिवड्याचा तळाशी उरलेला चुरा कुणी खात नाही, आणि त्याच सुमाराला बारामतीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, एका अंगाला कललेल्या, मोठ्यानं गाणी लावलेल्या. वारा फिरला की मळीचा गोडसर आंबूस वास तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटपर्यंत येतो. कॉलनीतली मुलं ट्रॉलीमागं पळतात, एखादं कांडं ओढून घेतात, खिदळतात. मला मात्र या दिवसांत संध्याकाळ नकोशी होते. कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी मी सगळ्या खोल्यांतले दिवे लावते. घरातले म्हणतात, एवढ्या उजेडात काय शोधतेस? मी काहीच शोधत नसते. उजेड कुठपर्यंत पोचतो, एवढंच पाहत असते.

हे पाहणं मला एका हंगामानं शिकवलं.

तेव्हा आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पोस्टातून निवृत्त झाले आणि आयुष्यभराची हौस म्हणून त्यांनी थोडी जमीन घेतली, तीत तीन खोल्यांचं घर बांधलं. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि अण्णांची आरामखुर्ची, मागं स्वयंपाकघर, मधली खोली सामानाची. माझं वनस्पतिशास्त्रातलं एम.एस्सी. नुकतंच संपलं होतं आणि नोकरीचे अर्ज करत मी घरीच होते. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस होता, शेजारच्या शंकरतात्यांचा. पावसाळ्यात तो खिडकीच्या खाली होता. दसऱ्याला खिडकी बुडाली. दिवाळीत अंगणात उभं राहिलं तर वर आभाळाचा एक चौकोन दिसायचा, बाकी सगळा ऊस. वारा सुटला की त्याची वाळलेली पानं एकमेकांवर घासत. तो आवाज पावसासारखा, पावलांसारखा, कुणी हळू बोलत असल्यासारखा, आपल्याला जशी भीती असेल तसा ऐकू येतो.

त्याच उन्हाळ्यात आईची थोरली बहीण, अंथुर्ण्याची सखूमावशी, गेली होती. तिच्या परसात एक काटेरी वांगं असायचं. लहान, जांभळं, पांढऱ्या रेघांचं. देठाला बोट लावलं की टोचायचं आणि भाजलं की साऱ्या गल्लीला कळायचं. मावशीच्या मुलांनी परस मोडून तिथंही डाळिंब लावलं. मावशीच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी आई तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून फडक्यात बांधलेली बियांची पुरचुंडी तेवढी घेऊन आली. बी जुनं होतं. अजून एक वर्ष ठेवलं तर उगवेल की नाही, सांगता येत नव्हतं. म्हणून दिवाळी सरताच आईनं ते सगळंच्या सगळं ट्रेमध्ये टोकलं. कालव्याच्या अंगाला आमचं छोटं शेडनेट होतं, तिथं ट्रे मांडले. आठवड्याभरात निम्मं बी उगवून आलं. आई रोज सकाळी चहाच्या आधी तिकडे जाऊन यायची. परत आली की तिचा चेहरा कुणाला भेटून आल्यासारखा असायचा.

मग एका सकाळी शंकरतात्या आमच्या अंगणात आले. ते नेहमी बांधावरून हाक मारत येत, त्या दिवशी हाक मारली नाही.

"वहिनी, सांजचं, पहाटंचं कालव्याकडं जाऊ नगा," ते म्हणाले. "माझी शेळी नेली. वाघ हाय आपल्यात."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पण मला 'वाघ' या शब्दापेक्षा 'आपल्यात' हा शब्द जास्त लागला. पाहुणा मुक्कामाला आल्यासारखं ते म्हणाले होते.

आईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती शेडनेटकडे गेलीच. परतली ती पाण्याची झारी तिथंच टाकून. ट्रेच्या दोन रांगांमधल्या ओल्या वाळूत ठसा होता. अण्णा आणि मी ऊन वर आल्यावर बघायला गेलो. तळहाताएवढा, गोल, नखांची खूण नसलेला. तो प्राणी रांगेतून सरळ चालत गेला होता. एकाही ट्रेला धक्का लागला नव्हता. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली, आत शेळी बांधली. ती शेळी ओरडून ओरडून थकली आणि गप्प झाली. पिंजरा रिकामाच राहिला.

आईला कालव्याकडं जावं लागू नये म्हणून अण्णांनी त्याच दिवशी ट्रे घरात आणले; अंगणात उसाच्या सावलीमुळं ऊन पोचत नव्हतं. मधल्या खोलीत लोखंडी घोडा होता, जुनी भांडी आणि अंथरुणं ठेवायचा. तो रिकामा करून त्याच्या फळ्यांवर वांग्याची रोपं बसवली. पण त्या खोलीला एकच खिडकी, तीही उसाकडं. चार दिवसांत रोपं दोऱ्यासारखी लांब आणि फिकट झाली. उजेड कमी पडला की रोप अंगात बळ नसताना उंच होतं, आणि मग स्वतःच्याच भारानं पडतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, आता घरात पाहत होते. सगळी रोपं खिडकीकडं मान करून वाकली होती. सगळी उसाकडं बघत होती.

"कायतरी कर की सुजाता," आई म्हणाली. "एवढी शिकलीस."

रोपांसाठी खास दिवे मिळतात, पण ते आम्हाला झेपणारे नव्हते. मात्र आमच्या प्रयोगशाळेतल्या एका कोपऱ्यात साध्या ट्यूबलाइटखाली रोपं वाढवलेली मी पाहिली होती. फुलं-फळं धरायला ट्यूब पुरत नाही, पण रोप लागवडीच्या वयाचं होईपर्यंत नक्की पुरते. आणि ट्यूब त्या वेळी लोक फेकून देत होते. जिकडंतिकडं एलईडी बसत होते. बारामतीतल्या एका मंगल कार्यालयानं काढलेल्या ट्यूबपट्ट्यांचा ढीग भंगारवाल्याच्या दारात पडला होता. अण्णा आणि मी त्यातल्या चालू पट्ट्या एकेक लावून पाहून निवडल्या. टोकं काळी पडलेल्या ट्यूब बाजूला टाकल्या, त्यांचा उजेड मेलेला असतो. दर फळीला एक पांढऱ्या आणि एक पिवळसर उजेडाची ट्यूब घेतली, कारण रोपाला दोन्ही रंग लागतात.

अण्णांनी पट्ट्या साखळीनं टांगल्या, म्हणजे रोप वाढेल तशी साखळीची एकेक कडी वर घेता येईल. ट्यूब पानांपासून वीतभर. याहून लांब गेली तर रोप पुन्हा उंच धावतं, आणि ट्यूब फारशी तापत नसल्यामुळे एवढ्या जवळ आणली तरी पान करपत नाही. घोड्याच्या मागं आणि दोन्ही अंगांना आम्ही चुना फासलेले पुठ्ठे लावले, म्हणजे उजेड वाया न जाता परत रोपांवर पडेल. पाणी आणि वीज एकाच खोलीत, म्हणून अण्णांनी बजावून ठेवलं होतं की झारी हातात घेण्याआधी बटण बंद. दिवे सकाळी उठल्यावर लावायचे, झोपताना बंद करायचे. रोपालाही अंधार लागतोच.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा सगळ्या ट्यूब एकदम लागल्या नाहीत. एक लुकलुकली, मग दुसरी, मग चोकची गुणगुण सुरू झाली आणि खोली पांढरी झाली. इतकी पांढरी की आईच्या हातावरच्या शिरा निळ्या दिसल्या. ती बराच वेळ रोपांकडं बघत राहिली.

"सखूताई म्हणली असती, माझी वांगी दवाखान्यात घातलीस व्हय गं," ती म्हणाली आणि हसली. मावशी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

रोपं सुधारली. आठवड्यात मानेतला बाक गेला, पानं गर्द झाली, देठावर जांभळी झाक आली. मी संध्याकाळी आडवा हात त्यांच्या शेंड्यांवरून हळूच फिरवायचे. वारा लागल्यासारखं झालं की खोड जाड होतं. त्या खोलीत सगळं ठीक होतं. खिडकीच्या बाहेर मात्र उजेड फार लांब जात नसे. पहिल्या तीन-चार सऱ्यांतला ऊस चुन्यासारखा पांढरा दिसायचा आणि त्यामागं काळं सुरू व्हायचं. शंकरतात्या म्हणायचे, "बरं केलं आण्णा, जनावर उजेडाला भितं." अण्णा मान डोलवायचे. एका संध्याकाळी लाईट गेली. चोकची गुणगुण थांबली, आणि ती इतके दिवस काय झाकत होती ते कळलं. उसात काहीतरी चालत होतं. कुत्रं असेल, डुक्कर असेल, साळिंदर असेल. ते थांबलं, तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो. लाईट आली. आईनं उठून खिडकी लावून घेतली आणि वांग्याची पानं मोजत असल्यासारखी उभी राहिली.

साखर कारखाना सुरू झाला होता. चहूकडून उसाचे फड पडत होते. रोज कुठलं तरी शिवार उघडं व्हायचं, जिथं काल भिंत होती तिथून आज लांबचं घर दिसायचं. एरवी मला ते आवडतं. त्या वर्षी मी दुसराच हिशेब करत होते. सगळीकडचा ऊस पडतोय, म्हणजे त्यातलं जनावर पुढच्या उसात सरकतंय. तो पडला की त्याच्या पुढच्या. शेवटी आसपास एकच मोठा फड उभा राहिला. तो शंकरतात्यांचा, आमच्या घराला तिन्ही बाजूंनी वेढून असलेला.

तो तोडायला बीडकडची टोळी आली. आमच्या घराशेजारच्या रिकाम्या तुकड्यात त्यांनी कोप्या घातल्या. कळकाच्या कामट्या वाकवायच्या, वरून उसाचं पाचट आणि ताडपत्री टाकायची, झालं घर. दाराच्या जागी जुनं लुगडं. आमच्या घराजवळची कोपी कांताची होती. वय माझ्याएवढंच असेल, कदाचित कमी. तिची थोरली आरती चार-पाच वर्षांची, धाकटं अंगावर पिणारं. पहिल्या संध्याकाळी ती पाण्याला आली तेव्हा आईनं तिला बिबट्याचं सांगितलं.

"मुकादम बोलला," कांता हंडा भरता भरता म्हणाली. "मागल्या फडाला बी व्हता म्हनं. त्याच्या मागल्या बी."

"मग?"

"मग काय. तोडायचं आन् पुढं जायाचं."

टोळी पहाटे अंधारात तोडीला लागायची. नवरा-बायको दोघं कोयता घेऊन फडात, आणि मुलं कोपीत झोपलेली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आई उठून चुलीकडं गेली तर तिला बाहेरून बारीक रडणं ऐकू आलं. धुकं होतं. कोपीच्या तोंडाशी आरती उकिडवी बसली होती आणि तिच्या मांडीवर बाळ होतं, तिच्याहून फार लहान नसल्यासारखं दिसणारं. तिच्या पाठीमागं, एका उडीच्या अंतरावर, ऊस होता. आईनं दोघांना उचलून घरात आणलं आणि मधल्या खोलीत घोड्यापुढं सतरंजीवर निजवलं. मी ट्यूब लावल्या. आरती डोळे चोळत रोपांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हितं ऊन हाय."

कांता मुलांना न्यायला आली तेव्हा तिला राग आला होता की भीती वाटली होती, मला कळलं नाही. आई म्हणाली, "रोज सोडत जा हितं." कांतानं टोळीकडं हात केला. कोप्या सात-आठ होत्या आणि प्रत्येकीत मुलं होती. "माजी दोन घ्याल वो. त्यांची?"

दुपारी आई मधल्या खोलीत गेली. मला वाटलं पाणी घालायला. तिनं वरच्या फळीवरची साखळी सोडली आणि पट्टी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली.

"अहो," तिनं अण्णांना हाक मारली. "ह्या भाईर लावायच्या. कोप्यांच्या भवती."

अण्णा चष्मा पुसत आत आले. त्यांना कळायला वेळ लागला. "बाहेर दव पडतं. उघड्यावर करंट उतरेल."

"मग नीट झाकून लावा. तुमाला येतंय."

"आणि रोपं? अजून पंधरवडा तरी त्यांना उजेड पाहिजे. आत्ता काढलं तर पडतील. सगळी जातील. मागं बी नाही ठेवलंस तू."

आईच्या हातात साखळी होती. ती फार हळू बोलली. "वांगीच हायत ती. पोरं न्हायत."

शंकरतात्यांनी बांबू दिले, टोळीतल्या माणसांनी ते रोवले. अण्णांनी प्रत्येक पट्टीवर पन्हाळीचा तुकडा उलटा बसवला, सांधे रबरानं गुंडाळले, वायर जमिनीवरून न नेता डोक्याच्या वरून नेली. ऊन उतरायच्या आत कोप्यांभोवती ट्यूबचं कडं झालं. दिवे लागले तेव्हा मुलं ओरडली, लग्नाचा मांडव घातल्यासारखी नाचली. कांता कोपीच्या दारात भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा पिठाकडं पाहिलं. एक पट्टी सुरुवातीपासून कुरकुरत होती, फडाच्या कोपऱ्यावरची. तिचा स्टार्टर गेला होता. दुसरा नव्हता. उद्या आणू, अण्णा म्हणाले.

मी आत आले. मधली खोली इतक्या दिवसांनी अंधारी होती. रोपांचा ओला वास येत होता. मी बॅटरी लावून पाहिलं नाही.

सकाळी उजाडल्यावर आधी शंकरतात्या आले, मग टोळीतले एकेक जण फडातून परतले, कारण कुणीतरी ठसे पाहिले होते. रात्री दव पडून माती मऊ झाली होती आणि सगळं स्वच्छ उमटलं होतं. ते आलं होतं. उजेड जिथं संपतो, त्या रेषेच्या बाहेरून ते कोप्यांभोवती फिरलं होतं. एकदा नव्हे. ठशांवर ठसे होते, गुरांच्या वाटेसारखी वाट पडली होती. उजेडाला ते भीत नव्हतं. उजेड कुठपर्यंत आहे हे ते बघत होतं. आणि फडाच्या कोपऱ्यावर, जिथं ती ट्यूब लुकलुकत होती, तिथं ठसे आत वळले होते. कांताच्या कोपीच्या मागच्या अंगाला ते बसलं होतं. माती दबलेली होती, तिथं पाचटाची एक पेंढी बाजूला सरकलेली होती. मग काय झालं कोण जाणे. ट्यूब लागली असेल, बाळ रडलं असेल, कुणी खोकलं असेल. ठसे परत फिरले होते.

कांता ते बघत होती. बाळ तिच्या कडेवर होतं, आणि आरतीनं तिच्या लुगड्याचा बोळा करून मुठीत धरला होता. तिनं पायानं पेंढी सरकवली आणि होती तिथं ठेवली.

अण्णा त्याच पावली बारामतीला गेले आणि दोन स्टार्टर घेऊन आले, एक लावायला, एक जवळ ठेवायला. पुढच्या दिवसांत कडं एकदाही लुकलुकलं नाही. ठसे मात्र रोज असायचे, त्याच रेषेवर. टोळीतले लोक सकाळी ते पाहायचे आणि कोयते उचलायचे. वनखात्याची माणसं आली, पिंजरा जवळ सरकवून गेली. ऊस रोज कमी होत होता. शेवटच्या दिवशी चार-सहा सऱ्या राहिल्या तेव्हा माणसं काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन दोन्ही बाजूंना उभी राहिली. मीही उभी होते. ऊस पडत गेला, पलीकडची माणसं दिसू लागली, एकमेकांचे चेहरे दिसू लागले. शेवटचं बेट पडलं. काहीच निघालं नाही. नुसती मोकळी जमीन, आणि तिच्यावर सांडलेलं पाचट. लोक हसले, कुणीतरी डबा वाजवला. मला वाटतं, त्या क्षणी मी सगळ्यांत जास्त घाबरले. इतके दिवस ते कुठं आहे हे आम्हाला ठाऊक होतं.

मावशीची वांगी पडली. उजेड गेल्यावर चार दिवसांतच त्यांनी माना टाकल्या, मग बुडाशी काळी पडली. आई रोज सकाळी गेलेली रोपं उपटायची, दाराबाहेर टाकायची आणि हात धुवायची. शेवटी खालच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या आडोशाला, बोटावर मोजण्याएवढी राहिली. ती तिनं पुढं अंगणात लावली. त्यातली काही जगली, त्यांना फळं धरली, आज आमच्याकडं ते बी आहे. लोक ऐकतात तेव्हा म्हणतात, चला, निदान वाचलं. आई मान हलवते. कॉलेजात मी मुलांना उजेड आणि रोपाची वाढ शिकवते, फळ्यावर आकृती काढते, अंतर वाढलं की उजेड किती झपाट्यानं उतरतो ते सांगते. मुलं लिहून घेतात. मला दरवेळी त्या आकृतीच्या बाहेरची माती दिसते.

ज्या दिवशी टोळी निघाली, त्या दिवशी आम्ही तिघं अंगणात उभे होतो. कोप्या मोडल्या होत्या. कामट्या, ताडपत्र्या, हंडे, चुलीचे दगडसुद्धा ट्रॉलीत चढले होते. त्या सगळ्या पसाऱ्यावर बायका आणि मुलं बसली होती. आरतीच्या डोक्यात आईनं सकाळीच तेल घातलं होतं, ती फार ऐटीत बसली होती. अण्णा दोन पट्ट्या आणि वायरचं वेटोळं घेऊन ट्रॉलीजवळ गेले. कांतानं हात पुढं केला नाही.

"न्हेऊन काय करू आण्णा? तार कुटं लावायची?"

ट्रॅक्टर सुरू झाला. आई ट्रॉलीच्या बाजूबाजूनं चार पावलं चालली.

"कुठं चाललाय आता?" तिनं वर बघून विचारलं.

"सांगवीकडं म्हनत्यात."

"तितं वस्ती हाय का जवळ? दिवाबत्ती?"

ट्रॅक्टरच्या आवाजात कांताला ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. तिनं बाळाला पदराखाली घेतलं, आरतीला जवळ ओढलं आणि मग आईकडं वळून पाहिलं.

"तितं ऊस हाय," ती म्हणाली.